२२,८४५ कोटींपासून ३९ पर्यंत: लोहाऱ्याचा सायबर हिशेब

२०२४ या एका वर्षात सायबर भामट्यांनी भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये उडवले. हे फक्त तक्रार झालेले पैसे. लाजेपोटी गप्प बसलेल्यांचे यात धरलेले नाहीत. केंद्र सरकारने संसदेत दिलेला हा आकडा आदल्या वर्षी ७,४६५ कोटी होता, म्हणजे बारा महिन्यांत तिप्पट झाला. एवढी रक्कम डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून भागत जाऊ. दिवसाला ६२ कोटी ४२ लाख. तासाला २ कोटी ६० लाख. मिनिटाला ४ लाख ३३ हजार. लोहारा या तालुक्याच्या गावाहून एसटीने जिल्ह्याच्या गावी, धाराशिवला, पोचायला दीड-दोन तास धरले, तर गाडी स्टँडला लागेपर्यंत देशाचे चार-पाच कोटी गेलेले असतात.

एसटी मध्ये आणायला कारण आहे. सायबर पोलीस ठाणं जिल्ह्याच्या गावी असतं आणि फसलेल्या माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो तिथं जाण्याचा. पैसा मात्र एसटीच्या वेगाने जात नाही. तो भाड्याने घेतलेल्या खात्यांमध्ये फुटत जातो. एका खात्यातून पाच खात्यांत, त्या प्रत्येकातून पुन्हा पाच, असं धरलं तर तिसऱ्या उडीला १२५ खाती होतात आणि चौथ्या उडीला ६२५. प्रत्येक उडीला काही मिनिटं पुरतात. तक्रार अर्ज लिहून होईपर्यंत मूळ रकमेचे इतके तुकडे झालेले असतात की ते गोळा करायला पाच-सात राज्यांतल्या बँका लागतात.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हीच रक्कम किरकोळ वाटते. २०२४ मध्ये यूपीआयवर सुमारे १७,२०० कोटी व्यवहार झाले, सेकंदाला ५,४०० हून जास्त. उलाढाल सुमारे २४७ लाख कोटी रुपयांची. सगळी फसवणूक यूपीआयवरूनच होते असं नाही, पण तुलनेपुरतं मांडलं तर गेलेले पैसे शंभर रुपयांमागे नऊ पैसे भरतात. नऊ पैशांचं एवढं काय? एवढंच, की ते सगळ्यांच्या खिशातून सारखे जात नाहीत. ज्याचे जातात त्याची हंगामाची अख्खी सोयाबीनची पट्टी जाते.

‘आपल्या आडगावाला कोण विचारतंय’ हा समजही आकड्यांपुढे टिकत नाही. इंटरनेटच्या जुन्या आणि आजही चालू असलेल्या पत्तापद्धतीत एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते बसतात. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन केलं. एका साध्या सर्व्हरवरून, चांगली जोडणी असेल तर, त्या साऱ्या पत्त्यांचं दार ते पाऊण तासाच्या आत ठोठावून येतं. कोणत्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहिलाय, कुठल्या कार्यालयाचा संगणक उघडा आहे, हे शोधणाऱ्याला गावाचं नावही ठाऊक असावं लागत नाही. मुंबई आणि लोहारा एकाच फेरीत तपासून होतात.

मग कुलपं कच्ची आहेत का? नाही. इंग्रजीतल्या छोट्या अक्षरांचा आठ अक्षरी पासवर्ड घेतला तर २०,८८२ कोटींहून अधिक जुळण्या होतात. सेकंदाला शंभर कोटी जुळण्या तपासणारं यंत्र त्या साडेतीन मिनिटांत संपवतं. बारा अक्षरं केली की त्याच यंत्राला तीन वर्षं लागतात. सोळा केली की जवळपास चौदा लाख वर्षं. आठ अक्षरं जास्त, आणि साडेतीन मिनिटांची चौदा लाख वर्षं! सहा अंकी ओटीपीच्या तर दहा लाख शक्यता असतात आणि दोन-चार चुकीच्या प्रयत्नांनंतर तो बादच होतो. म्हणून चोर कुलपाच्या वाटेला जात नाही. तो फोन करतो, ‘काका, बँकेतून बोलतोय’ म्हणतो आणि काकांकडूनच किल्ली मागून घेतो. दहा लाखांतला तो एक आकडा काकांनी वाचून दाखवला की गणित तिथेच संपतं.

मोठ्या संस्थांचं दुखणं वेगळं असतं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे ९४ कोटी ४२ लाख गेले. १९०६ साली स्थापन झालेली ही बँक. ११ ऑगस्टला, शनिवारी, अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर सुमारे १२ हजार वेळा मिळून ७८ कोटी काढले गेले, आणि देशात आणखी २,८४९ वेळा मिळून अडीच कोटी. सोमवारी उरलेले १३ कोटी ९२ लाख बँकांच्या आंतरराष्ट्रीय ‘स्विफ्ट’ यंत्रणेतून हाँगकाँगला गेले. युक्ती अशी होती: एटीएमचा निरोप बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेणाऱ्या स्विचच्या जागी चोरांनी आपला खोटा स्विच उभा केला. ‘पैसे देऊ का?’ हा प्रश्न बँकेपर्यंत पोचलाच नाही. वाटेतच ‘हो’ असं उत्तर मिळत गेलं. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा ठोठावली. बारा हजार वेळा ‘हो’ म्हटलं जात असताना एका माणसाने ‘थांब’ म्हणायला हवं होतं.

असं ‘थांब’ म्हणणारी माणसं आहेत किती? २०२३ मध्ये राष्ट्रीय पोर्टलवर जवळपास १६ लाख सायबर तक्रारी आल्या. त्याच वर्षी देशभरात दाखल झालेले सायबर गुन्हे ८६,४२०. म्हणजे साडेअठरा तक्रारींमागे एक गुन्हा. महाराष्ट्र शासनाने यावर ८३७ कोटींचा सायबर सुरक्षा प्रकल्प हाती घेतला आणि नवी मुंबईत महापे इथे त्याचं केंद्र उभं राहिलं. ८३७ कोटी ही २०११ च्या जनगणनेनुसार माणशी सुमारे ७४ रुपयांची तरतूद होते. देशाचे तेवढेच पैसे साडेतेरा दिवसांत बुडतात. महापेचं केंद्र हवंच, पण ते महाप्यात आहे. मधली जागा भरायला ना नफा तत्त्वावर चालणारं, शिकवणारं, शोधणारं आणि धावून जाणारं छोटं केंद्र तालुक्याला लागतं.

अशा संस्था जगाला नव्या नाहीत. २ नोव्हेंबर १९८८ ला ‘मॉरिस वर्म’ या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने त्या वेळच्या इंटरनेटवरच्या अंदाजे ६० हजार संगणकांपैकी सहा हजार ठप्प केले. त्यानंतर काही आठवड्यांतच कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिलं सायबर प्रतिसाद केंद्र निघालं. २००४ पासून शॅडोसर्व्हर ही ना नफा संस्था इंटरनेट रोज चाळते आणि ‘तुमचं दार उघडं आहे’ असं संबंधितांना फुकट कळवते. पुण्यात क्विक हील फाउंडेशन कॉलेजच्या मुलामुलींना तयार करून शाळांमध्ये आणि गावांमध्ये सायबर सुरक्षेचे वर्ग घेतं. आणि धाराशिव जिल्ह्यात तर नमुना घरचाच आहे. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने डॉक्टरची वाट पाहत बसण्यापेक्षा गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवलं.

तोच हिशेब लोहाऱ्याला लावू. तालुक्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे. सोयीसाठी १ लाख २० हजार धरू. एका वर्गाला चाळीस माणसं, म्हणजे तीन हजार वर्ग. कॉलेजच्या वीस मुलामुलींच्या दहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीने आठवड्याला दोन वर्ग घेतले, तर दीडशे आठवडे लागतात. तीन वर्षांत अख्खा तालुका शिकून होतो.

संशोधन म्हटल्यावर पांढरे कोट आठवायला नकोत. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके फाइल येते. केंद्रातल्या वेगळ्या ठेवलेल्या, सिम नसलेल्या फोनवर ती उघडून पाहायची. शेतकरी योजनेचं ॲप मेसेज वाचायची परवानगी का मागतंय, वाचलेले ओटीपी कुठल्या पत्त्यावर पाठवतंय, हे लिहून घ्यायचं, पोलिसांना आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर प्रतिसाद संस्थेला कळवायचं, आणि त्याच दुपारी त्याच ग्रुपवर इशारा टाकायचा.

उरतं धावून जाणं. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन लागला की चार गोष्टी विचारल्या जातात: खातं कोणतं, रक्कम किती, वेळ कोणती, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा तो बारा अंकी क्रमांक भेदरलेल्या माणसाला मोबाइलमध्ये सापडत नाही. केंद्राने शेजारी बसून तो काढून द्यायचा. पुढच्या काही मिनिटांत निरोप बँकेकडे जातो आणि शिल्लक रक्कम गोठवली जाते. या यंत्रणेने २०२५ च्या मध्यापर्यंत १७ लाख ८२ हजार तक्रारींत ५,४८९ कोटी वाचवले, तक्रारीमागे सरासरी ३०,८०० रुपये.

आता शेवटचा भागाकार. दोन पगारी माणसं, एक खोली, वीज, इंटरनेट आणि मुलांच्या प्रवासाचा खर्च धरून केंद्राला वर्षाला बारा लाख लागतील असं मानू. एरवी ज्यांनी १९३० ला फोन केलाच नसता, अशा ३९ जणांचे पैसे या सरासरीने वाचले, की लोकांनी दिलेली देणगी लोकांच्याच खात्यात परत गेली. वर्षाला ३९, महिन्याला तीन-चार. २२,८४५ कोटी कुणा एका तालुक्याच्या आवाक्यातले नाहीत. ३९ मात्र लोहाऱ्याच्या आवाक्यातले आहेत, आणि देणगीदारापुढे ठेवायला याहून सोपा हिशेब नाही.