इअरफोनचे मोल आणि कानाचे मोल

मुळशी तालुक्यातील आमचे माण आता केवळ खेडे राहिलेले नाही. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीचा विस्तार आमच्या शिवारापर्यंत येऊन पोहोचला आहे आणि मेट्रोचे आगारही आमच्याच हद्दीत आहे. सकाळी कचेरीकडे निघालेल्या कोणत्याही बसमध्ये दृष्टी टाकावी, तर बहुतेकांच्या कानांत काही ना काही खोवलेले दिसते. घरातही तोच प्रकार. मुलास कचेरीच्या सभांकरिता, नातीस अभ्यासाच्या व्याख्यानांकरिता, सूनबाईंस गाण्याकरिता आणि वडील मंडळींस कीर्तनाकरिता, असे प्रत्येकास इअरफोन लागतात. एकत्र कुटुंबात ही संख्या सहज पाच-सहांवर जाते. म्हणून जो जिन्नस चारशे रुपयांत मिळतो आणि आठ हजारांतही मिळतो, त्याची निवड कशी करावी, हा गृहव्यवस्थेचा एक प्रश्नच होऊन बसला आहे. त्याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

हा विचार तारेच्या इअरफोनांपुरताच आहे. बिनतारी प्रकार सोयीचा खरा. परंतु त्याच्या पोटातील बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि बहुधा बदलून मिळत नाही. तारेच्या इअरफोनास लागणारी शक्ती फोनमधूनच मिळते. शिवाय त्याच्या किमतीत बॅटरी व बिनतारी यंत्रणा यांचा वाटा नसल्यामुळे तितक्याच पैशांत आवाज अधिक चांगला पदरात पडतो. अडचण एवढीच की, 2016 साली आयफोनमधून गोल पिनेचे छिद्र नाहीसे झाले आणि पुढे अनेक फोनांनी तोच मार्ग धरला. तेव्हा खरेदीपूर्वी आपल्या फोनास गोल पिन चालते की टाइप-सी, हे पाहून घ्यावे.

आता महाग यंत्रात असे असते तरी काय? मूळ तत्त्व दोहोंत एकच. एक लहानसे लोहचुंबक, तारेचे सूक्ष्म वेटोळे आणि त्यास जोडलेला पातळ पडदा. विद्युत्प्रवाह बदलला की वेटोळे हलते, पडदा कंप पावतो व नाद उत्पन्न होतो. अमेरिकेतील नेथॅनिएल बाल्डविन याने 1910 च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करून तेथील आरमारास पुरविले, आणि 1979 साली सोनी कंपनीच्या वॉकमनने गाणे कानाशी बांधून रस्त्यावर आणले. त्यानंतर यंत्र लहान व स्वस्त होत गेले. काही महाग इअरफोनांत श्रवणयंत्रांत वापरतात तशा जातीचे सूक्ष्म ध्वनिजनक बसविलेले असतात. एरवी अधिक पैसा जातो तो खर्जापासून टिपेपर्यंतचे नाद समतोल ठेवण्यात, डावे व उजवे अंग एकसारखे जुळविण्यात, सुटी करून बदलता येणारी तार देण्यात, आणि उरलेला नावात व पेटीत. पेटीवर ‘20 ते 20,000 कंपने’ असे छापलेले असते. ते चारशेंच्या पेटीवरही असते आणि आठ हजारांच्याही. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

हातच्या कांकणास आरसा कशास, असे म्हणून आम्ही घरी तीन इअरफोन समोर ठेवले: एक चारशे रुपयांचा, एक दीड हजारांचा आणि एक पुतण्याचा, आठ हजारांचा. नियम दोनच केले. ऐकणाराने डोळे मिटावे व त्यास किंमत सांगू नये. आणि तिहींचा आवाज शक्य तितका सारखा ठेवावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच कानास गोड वाटतो. वयाच्या साठीनंतर टिपेचे सूक्ष्म नाद कानांस पोहोचेनासे होतात, म्हणून निवाडा घरातील तरुणांकडे सोपविला.

पहिली परीक्षा वाणीची. आयुष्य संस्कृत शिकविण्यात गेल्यामुळे आम्ही प्रथम श्लोकपठण लावले. ‘स’काराचा घर्षणनाद ‘श’काराहून उंच असतो आणि अल्पप्राण-महाप्राणांतील भेद श्वासाच्या एका झुळुकीवर उभा असतो. चारशेंच्या यंत्रात हा भेद धूसर झाला. दोष पडद्याच्या दुबळेपणाचा नव्हता. ढोलकी दणदणीत वाजावी म्हणून खर्ज मुद्दाम फुगविलेला होता. जड नाद वरच्या सूक्ष्म नादांस झाकून टाकतो, हा ध्वनिशास्त्राचा नियमच आहे. दीड हजारांच्या यंत्रात प्रत्येक वर्ण सुटा झाला. आठ हजारांच्या यंत्रात त्याहून अधिक काही ऐकू आले, असे कोणीही म्हटले नाही.

दुसरी परीक्षा तंबोऱ्याची. पुरुषी पट्टीत खर्जाची तार सुमारे 60 ते 70 कंपनांची असते, आणि जवारीमुळे तिच्यातून उंच उंच उपनाद उमलतात. तळ आणि शिखर दोन्ही एकाच वाद्यात असल्यामुळे याहून चांगली कसोटी नाही. येथे मात्र आठ हजारांचे यंत्र सरस ठरले. तारा वेगवेगळ्या ओळखू आल्या, आणि तबल्याचा डग्गा गायकाच्या अंगावर न येता आपल्या जागी राहिला. दीड हजारांचे यंत्र त्याच्या बरेच जवळ होते. तिसरी परीक्षा बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांची. त्यांत मुळातच नादांचा पट्टा अरुंद. तेव्हा महाग यंत्राने गाणे वाढविले नाही, सुईची खरखर तेवढी स्पष्ट केली.

आमची परीक्षा घरगुती, शितावरून भाताची. परंतु शास्त्रीय मोजमापही हेच सांगते. जेरून ब्रेबार्ट नामक संशोधकाने 283 हेडफोन व इअरफोन यांची मोजणी करून 2017 साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. किंमत आणि नादांचा समतोल यांत त्यास कोणताही संबंध आढळला नाही. महाग ते चांगले असतेच असे नाही, आणि स्वस्त ते वाईटच असेही नाही.

येथवर पैशाची गोष्ट झाली. खरी चिंता निराळी आहे. आमचा पुतण्या रोज दोन-अडीच तास बसमध्ये काढतो. रस्त्याचा गोंगाट दाबण्यासाठी तो आवाज वाढवीत गेला, आणि काही महिन्यांनी निजताना कानांत शिटीसारखा नाद येऊ लागला. आंतरकर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्यास 40 तासांपर्यंत ऐकावा. पुढे दर 3 डेसिबलांस हा काळ निम्मा होतो. म्हणजे 89 डेसिबलांस आठवड्याचे अवघे पाच तास. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, 75 डेसिबलांची आहे. मोठ्या आवाजात गाणी ऐकल्यामुळे 12 ते 35 वर्षे वयाच्या शंभर कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीस धोका आहे, असा इशारा त्या संघटनेने 2022 साली दिला.

या दृष्टीने पाहता जो हलक्या आवाजातही स्पष्ट ऐकवितो, तोच खरा चांगला इअरफोन. आणि त्याचे मर्म यंत्राहून अधिक टोकावरील मऊ रबरी टोपीत आहे. ती कानात नीट बसली की बाहेरचा गोंगाट अडतो, खर्ज भरून येतो आणि आवाज वाढविण्याची गरजच उरत नाही. सैल बसली तर आठ हजारांचे यंत्रही पोकळ वाजते. बहुधा तीन मापांच्या टोप्या सोबत मिळतात. दोन्ही कानांस एकच माप लागेल असेही नाही. पुतण्याने मोठ्या मापाच्या टोप्या घातल्या, तेव्हा त्याच बसमध्ये त्याचा आवाज बराच खाली आला. शिटीबद्दल मात्र त्यास कानाच्या वैद्याकडे धाडले आहे. अशी लक्षणे घरी मुरवीत बसू नयेत.

तात्पर्य, केवळ बोलण्यासाठी चारशेंचा इअरफोन पुरेसा आहे; साध्या दूरध्वनीवरचे भाषण परंपरेने 300 ते 3,400 कंपनांच्या पट्ट्यातच वाहत आले आहे, त्यास महाग यंत्र काय करणार? व्याख्याने व गायन यांसाठी दीड हजारांच्या आसपासचा घ्यावा. त्यापुढचा खर्च रियाज करणाराने किंवा संगीताच्या जाणकाराने करावा. इतरांस तो नाकापेक्षा मोती जड असाच होईल. स्वस्तातला घेताना खर्जाची बढाई मारणारा टाळावा आणि पिनेपाशी तार भक्कम आहे ना, हे पाहावे, कारण तो तेथेच तुटतो. ठेवताना सैल गुंडाळी करावी. एकाचा इअरफोन दुसऱ्याने कानात घालू नये, टोप्या वरचेवर धुवाव्या, आणि रस्ता ओलांडताना दोन्ही कान मोकळे ठेवावे.

इअरफोन बिघडला तर बाजारात दुसरा मिळतो. कान मात्र जन्मास एकदाच मिळतात. त्यांचे मोल धरूनच इअरफोनचे मोल ठरवावे.