बायोमेडिकलला प्रवेश घेताय? आधी लॅब पाहून या

नीटमध्ये मार्क कमी पडले की घरात बायोमेडिकल इंजिनिअरिंगचा विषय निघतो. ‘हॉस्पिटलचंच काम, म्हणजे अर्धा डॉक्टरच की,’ असं पालक आम्हाला म्हणतात. तसं नाही. ईसीजी, डायलिसिस, व्हेंटिलेटर अशी यंत्रं बनवणं आणि सांभाळणं हे या इंजिनिअरचं काम. राज्यातल्या प्रवेशासाठी सीईटीचा पीसीएम गट लागतो. बारावीला गणित सोडलेल्या मुलांना हे उशिरा कळतं, याचं वाईट वाटतं.

राउरकेला आणि रायपूरच्या एनआयटीत ही शाखा आहे, तिथे जेईईतून जाता येतं. खासगी कॉलेज घेणार असाल तर नुसत्या ‘नॅक’च्या ग्रेडवर जाऊ नका. ती अख्ख्या कॉलेजची असते. एनबीएची मान्यता मात्र शाखेनुसार मिळते, म्हणून बायोमेडिकलला ती आहे का ते विचारा. लॅबमधली यंत्रं चालू आहेत की कपाटात? इंटर्नशिपला कोणतं हॉस्पिटल? नोकऱ्यांचे आकडेही याच शाखेचे मागा, कॉम्प्युटरचे दाखवून बोळवण होते.

मुस्लिम अल्पसंख्याक कॉलेजांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा असतात, पण तिथे ही शाखा असेलच असं नाही. ऑप्शन फॉर्म भरण्याआधी बघून घ्या. आणि कॉलेज पाहायला अब्बूंनी एकट्याने जाऊ नये. शिकणार ती मुलगी, प्रश्नही तिलाच विचारू द्या.