परदेशात खांब रोवताना

चैत्र लागला की मुंबई-आग्रा महामार्गावर भगवे झेंडे दिसू लागतात. धुळे-जळगावकडून निघालेले खान्देशातले पायी यात्रेकरू मालेगावात थांबतात, मंडपात चहापाणी घेतात, पायांच्या फोडांना मलम लावतात आणि देवळा-कळवणच्या वाटेने सप्तशृंग गडाकडे निघतात. गडावरची देवी अठरा हातांची आणि हे साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ, एवढं त्यांतलं पोरही सांगेल. याच गडाचं नाव मल्लखांबाच्या इतिहासात सुरुवातीलाच येतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

गोष्ट दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले आणि पेशव्यांच्या दरबारात अडून बसले: आमच्याशी लढा, नाहीतर जितपत्र द्या. कोणी पुढे होईना. तेव्हा बाळंभट देवधर नावाचा कोवळा तरुण उभा राहिला. त्याने तयारीसाठी मुदत मागितली आणि थेट वणीच्या, म्हणजे याच सप्तशृंग गडावर जाऊन तो अनुष्ठानाला बसला. पुढचा भाग आख्यायिकेचा. मारुतीने दृष्टान्त दिला, वानररूपात लाकडावरच्या पकडी आणि उड्या करून दाखवल्या. बाळंभट परतला, त्याने अलीला चीत केलं आणि गुलाब मग लढलाच नाही.

दृष्टान्त ज्याचा त्याने मानावा. पैलवानाने खांबाशी झोंबून अंग कमावण्याचा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही सापडतो. म्हणजे विद्या जुनीच होती; मागे पडलेल्या त्या विद्येला बाळंभटदादांनी शिस्त लावली आणि शिष्य तयार केले. कुस्तीच्या मेहनतीला जोडीदार लागतो आणि जोडीदार दमतो. खांब दमत नाही, आणि पकड जरा सैल पडली की लगेच खाली सोडतो.

हा खेळ आपला मुलूख सोडून बाहेर पडला तो १८१८ साली. त्या वर्षीच्या जूनमध्ये दोन गोष्टी घडल्या. मालेगावचा भुईकोट किल्ला अरब शिबंदीने आठवडेच्या आठवडे लढवला आणि अखेर तो इंग्रजांच्या हाती पडला; त्याच महिन्यात बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. तनखा घेऊन पेशवा कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताला गेला आणि त्याच्या मागोमाग पुण्याची तालीमही गंगेकाठी गेली. नानासाहेब, तात्या टोपे आणि लहानगी मनू, म्हणजे पुढची राणी लक्ष्मीबाई, तिथे मल्लखांब शिकल्याचं सांगतात. बाळंभटदादांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांच्या परंपरेने काशीत आखाडा चालवला. बडोद्यात जुम्मादादा आणि नंतर प्रो. माणिकराव यांच्या व्यायाममंदिराने हीच विद्या सांभाळली. बडोद्यातच द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ काढला आणि मल्लखांबाच्या पकडी, उड्या चित्रांसह कागदावर आल्या. तोवर हे सगळं गुरूच्या तोंडून आणि शिष्याच्या अंगातूनच चालत आलं होतं.

समुद्र ओलांडायचा मान अमरावतीला मिळाला. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला गेलं. डॉ. सिद्धनाथ काणे पथकाचे प्रमुख होते. विदर्भातल्या या तरुणांनी तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली आणि मल्लखांबही दाखवला. एका गावची व्यायामशाळा जगाच्या सर्वांत मोठ्या क्रीडामेळ्यात जाऊन उभी राहिली होती. पण प्रात्यक्षिक आटोपलं आणि पथक सामानसुमानासह परत आलं. बर्लिनमध्ये एकही आखाडा मागे उरला नाही.

खेळ दाखवून येणं निराळं आणि तो तिथे राहणं निराळं. दुसऱ्या कामाला पुढे सत्तर-ऐंशी वर्षं लागली. त्याची बरीचशी सूत्रं दादरच्या शिवाजी पार्कवर हलली. पु. ल. काळे गुरुजींनी १९२५ साली स्थापन केलेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात संध्याकाळी गेलं, की शाळकरी पोरांची रांग खांबासमोर उभी दिसते. इथले प्रमुख शिक्षक उदय देशपांडे यांनी अंध आणि अपंग मुलांनाही खांबावर चढवलं, मुलींसाठी दोरीचा मल्लखांब लोकप्रिय केला आणि परदेशी पाहुणा आला की त्यालाही त्याच रांगेत उभं केलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

परदेशी माणूस या खांबाकडे कुतूहलाने का बघतो, हे जवळून पाहिलं की कळतं. साग किंवा शिसवीचा खांब खाली जाड आणि वर निमुळता. शेवटाला बारीक मान आणि मानेवर लाकडी बोंड. त्यावर एरंडेल चोळलेलं, म्हणजे कातडी घासून सोलवटत नाही. पण तेल जास्त झालं तर माणूस सरळ घसरून खाली. नवशिका पहिली शिकतो ती आढी. दोन्ही हातांनी खांब धरायचा, उडी घेऊन पाय डोक्याच्या वर न्यायचे आणि मांड्यांनी खांब आवळायचा. डोकं खाली, आणि हात सोडायची वेळ आली की पोटात गोळा. आढी बसली की मग तेडी, बगली, दसरंग, फरारा, सुईदोरा, आणि शेवटी बोंडावर उभं राहणं. स्पर्धेत हे सगळं दीड मिनिटात बसवावं लागतं. दोरीवर तर पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून वर सरकायचं, गाठ न मारता पद्मासन घालायचं.

असा खेळ परदेशात न्यायचा तर पहिला प्रश्न साधा आहे: खांब रोवायचा कुठे? आपल्याकडे तो तीनेक फूट जमिनीत गाडतात. न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये शाळेचा व्यायामहॉल तासाच्या भाड्याने घेतलेला. तिथल्या लाकडी फरशीला कोण भोक पाडू देणार? मग जड लोखंडी बैठकीवर उभा राहणारा खांब, साखळीने टांगलेला आखूड खांब किंवा तुळईला बांधलेला दोर. दुसरा प्रश्न विम्याचा, तिसरा पालकांच्या लेखी संमतीचा, चौथा दर शनिवारी हे सगळं गाडीतून आणून पुन्हा भरून नेणाऱ्या माणसांचा. शिवाजी पार्कवर तयार झालेले चिन्मय पाटणकर नोकरीसाठी अमेरिकेत गेले. न्यू जर्सीत २०१३ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मल्लखांब फेडरेशन यूएसए उभी केली. वर्ग सुट्टीच्या दिवशी, शिकवणारे स्वयंसेवक, आणि विद्यार्थी मुख्यतः भारतीय घरांतली मुलं. आजीने अंगणात पाहिलेला खेळ नातू पार्किंगशेजारच्या हॉलमध्ये शिकू लागला. म्युनिकमध्ये मात्र हा खेळ मराठी घरांतून गेलाच नाही. दादरला येऊन शिकून गेलेल्या जर्मन शिष्येने तो तिथे रुजवला.

आपला खेळ परमुलखात नेण्याची अशी खटपट ऑस्ट्रेलियन लोकांनीही केली आहे. त्यांचा स्वतःचा फुटबॉल आहे, ज्याला ते लाडाने ‘फुटी’ म्हणतात. मेलबर्नमध्ये १७ मे १८५९ रोजी त्याचे पहिले नियम लिहिले गेले. चेंडू लंबगोल, मैदान क्रिकेटचं, एका बाजूला १८ खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही. एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोहोंतून लाथेने चेंडू गेला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १.

परदेशातला त्याचा गाजलेला सामना २८ ऑक्टोबर १९१६ चा. पहिल्या महायुद्धासाठी आलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांनी लंडनच्या क्वीन्स क्लबवर तो रेडक्रॉसच्या मदतीसाठी खेळला. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं आणि हजारो ऑस्ट्रेलियन सैनिक चांगीच्या छावणीत जपान्यांचे कैदी झाले. तिथे अपुऱ्या शिध्यावर त्यांनी चक्क लीग चालवली. जानेवारी १९४३ च्या अखेरच्या सामन्यानंतर उत्तम खेळाडू म्हणून पीटर चिटी याला पदक दिलं गेलं. पुढे तो थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेच्या वेठबिगारीतूनही जिवंत परतला. ते पदक आज कॅनबेराच्या युद्धस्मारकात आहे.

पण सैनिक परतले, तसा खेळही परतला; अमरावतीच्या पथकासारखाच. तो परदेशात टिकला तो नोकरी-धंद्यासाठी गेलेल्यांच्या हौशी क्लबांमुळे. लंडनची लीग १९९० पासून खेळू लागली. तिथेही पहिली अडचण जागेचीच: एवढी मोठी मैदानं मिळायची कुठे? मग युरोपात अनेक ठिकाणी साध्या फुटबॉलच्या मैदानावर ९-९ जणांचे सामने सुरू झाले. १८ चे ९ झाले म्हणून मेलबर्नच्या जाणकारांनी नाकं मुरडली असतील, पण डॅनिश आणि जर्मन पोरांना खेळायला मिळालं. २००२ साली मेलबर्नला पहिला आंतरराष्ट्रीय कप भरला, तेव्हा एक नियम मुद्दाम केला गेला: परदेशात राहणारे ऑस्ट्रेलियन नागरिक त्या देशाच्या संघातून खेळू शकणार नाहीत. संघ त्या मातीतल्या खेळाडूंचाच हवा. पहिला कप आयर्लंडने जिंकला, २००८ मध्ये भारताचाही संघ गेला. २०१७ नंतर मात्र हा कप भरलेला नाही. २०२० चा करोनाने रद्द झाला.

मल्लखांबाचा असा मेळा १६ आणि १७ फेब्रुवारी २०१९ रोजी शिवाजी पार्कवर भरला. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, पंधरा देशांचे खेळाडू. अमेरिका, जर्मनी, जपान, सिंगापूर, मलेशिया अशा पाट्या हातात धरून मुलं चालली आणि दादरकर बायाबापड्या टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. निकालात धक्का नव्हता. भारत पहिला, सिंगापूर दुसरं, मलेशिया तिसरं, आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर भलंमोठं. काही पाहुण्यांचे संच आपल्या तालुका स्पर्धेच्या पातळीचे होते, पण आढी घालताना कोणी हात आखडता घेतला नाही. फुटीसारखा नागरिकत्वाचा कडक नियम मल्लखांबाला आज परवडणारा नाही. न्यू जर्सीतली मराठी घरं वगळली तर अमेरिकेचा संघ उभा राहणं कठीण. फुटीला मात्र तशी चाळणी लावूनही अठरा जण मिळाले, कारण तिथल्या क्लबांनी दारू प्यायला आलेल्या शेजाऱ्यालाही मैदानात ओढलं होतं. म्युनिकने जे केलं ते इतर शहरांना जमतं का, यावर इथून पुढचं बरंचसं अवलंबून आहे.

देशात दिवस बरे आले आहेत. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ केलं. खेलो इंडियात त्याला जागा मिळाली, २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही तो होता. मुंबईच्या हिमानी परब हिला २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. छत्तीसगडच्या नारायणपूरकडची अबूझमाडची आदिवासी मुलं २०२३ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकून गेली. पेशव्यांच्या तालमीतली विद्या बस्तरच्या जंगलात पोहोचायला दोन शतकं लागली, आणि तिथल्या मुलांनी ती अशी उचलली की शिकलेले शहरी पोरगे बघत राहिले.

नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळेत आजही मुलं खांबावर चढतात. मालेगावच्या एखाद्या शाळेने किंवा तालमीने ठरवलं तर सामान फार लागत नाही: एक खांब, तुळईला टांगलेला सुती दोर, खाली जाड गाद्या आणि एरंडेलाची बाटली. एवढं वर्गणीत निघतं. घोडं अडतं ते शिक्षकावर. आढी सुटताना पाठीमागे हात धरून उभा राहणारा, आठवड्यातून तीन संध्याकाळ बिनपगारी देणारा माणूस मिळायला हवा. न्यू जर्सीपासून सिंगापूरपर्यंत सगळ्या मंडळांची तक्रार हीच आहे, आणि म्हणून त्यांचे होतकरू विद्यार्थी सुट्टी लागली की विमानाचं तिकीट काढून दादरला येतात.