दुसऱ्या फळीचे मैदान

ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर १९ जानेवारी २०२१ रोजी भारतीय क्रिकेट संघाने ३२८ धावांचे लक्ष्य गाठले आणि ऑस्ट्रेलियाचा तीन गडी राखून पराभव केला. १९८८ नंतर या मैदानावर यजमान संघ कसोटी सामना हरला नव्हता. सोळा वर्षे नव्हे, तब्बल बत्तीस वर्षांचा तो दबदबा मोडणाऱ्या या विजयाला चमत्कार म्हटले गेले. चमत्कार म्हटले की कारणे शोधण्याची जबाबदारी संपते. परंतु या विजयाची कारणे शोधण्याजोगी आहेत, आणि त्यांपैकी काहींचा माग थेट डोंबिवलीपर्यंत जातो.

मालिकेच्या आरंभी ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला. त्यानंतर विराट कोहली मायदेशी परतला आणि नेतृत्व अजिंक्य रहाणे याच्याकडे आले. मेलबर्नला त्याने ११२ धावा काढून सामना जिंकून दिला. पण संघाची पडझड थांबली नव्हती. शमी, उमेश यादव, जडेजा, विहारी, अश्विन, बुमरा असे एकामागून एक खेळाडू जायबंदी झाले. गाबावर उतरलेल्या पाच गोलंदाजांनी त्यापूर्वी मिळून अवघे चार कसोटी सामने खेळले होते. त्यांपैकी शार्दूल ठाकूर हा पालघरचा; २०१४ पर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. २०१८ मध्ये हैदराबादला झालेल्या पहिल्या कसोटीत अवघे दहा चेंडू टाकून त्याला दुखापतीमुळे मैदान सोडावे लागले होते. गाबावर सहा बाद १८६ अशा बिकट अवस्थेत त्याने वॉशिंग्टन सुंदरसह १२३ धावांची भागी केली आणि दोन्ही डावांत मिळून सात गडी बाद केले.

ही माणसे नवखी होती, पण अननुभवी नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सिराज, सैनी, गिल, पंत हे भारताच्या ‘अ’ संघातून घडले होते. सिराजने २०१८ मध्ये बंगळूरला ऑस्ट्रेलियाच्याच ‘अ’ संघाचे एका डावात ५९ धावांत आठ गडी बाद केले होते. गिलने २०१९ मध्ये वेस्ट इंडीजच्या ‘अ’ संघाविरुद्ध नाबाद द्विशतक झळकावले होते. २०१५ पासून ‘अ’ संघाची आणि एकोणीस वर्षांखालील संघाची धुरा राहुल द्रविड यांनी वाहिली होती. रहाणे स्वतः २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात उदयोन्मुख खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खेळला होता. त्याच स्पर्धेत कोहली २००८ आणि २००९ मध्ये खेळला. २००९ च्या अंतिम सामन्यात त्याने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध शतक केले. दोघांची पुढची वाट या स्पर्धेतून गेली. ज्या सामन्यांना प्रेक्षक नव्हते आणि वृत्तपत्रांत चार ओळींहून अधिक जागा नव्हती, त्या सामन्यांचे संचित गाबावर उपयोगी पडले.

दुसऱ्या फळीसाठी मुद्दाम स्पर्धा उभारण्याचा प्रयोग रग्बी या खेळात अधिक जाणीवपूर्वक झाला. महाराष्ट्राच्या सामान्य वाचकाला हा खेळ दूरचा वाटेल. मात्र इंग्लंड व स्कॉटलंड १८७९ पासून ज्या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात, तो चषक कलकत्त्याच्या एका बंद पडलेल्या क्लबाचे चांदीचे रुपये वितळवून घडवलेला आहे. लंबगोल चेंडूच्या या पंधरा-पंधरा जणांच्या खेळात बलवान आणि दुबळे यांच्यातील अंतर भयंकर आहे. विश्वचषकात १९९५ साली न्यूझीलंडने जपानविरुद्ध १४५ गुण केले, तर २००३ साली ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२ विरुद्ध शून्य असे धुळीस मिळवले. अशा सामन्यातून विजेता काही शिकत नाही, आणि पराभूताच्या पदरी अपमानाखेरीज काही पडत नाही.

यावर तोडगा म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळाने २००६ मध्ये पोर्तुगालमध्ये ‘नेशन्स कप’ स्पर्धा सुरू केली. पुढे ती अनेक वर्षे बुखारेस्टला आणि नंतर मोंतेविदेओला भरली. तिची रचना मार्मिक होती. एका बाजूला रुमानिया, पोर्तुगाल, रशिया, नामिबिया, उरुग्वे अशा विकसनशील देशांचे मुख्य संघ आणि दुसऱ्या बाजूला अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, स्कॉटलंड, आयर्लंड, इटली या बलवान देशांचे दुय्यम संघ. पहिल्यांना बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळे, दुसऱ्यांना आपले तरुण पारखता येत. २००९ मध्ये स्कॉटलंडचा ‘अ’ संघ जिंकला, २०१४ मध्ये आयर्लंडचा उदयोन्मुख संघ जिंकला. पण २०१० मध्ये त्याच नामिबियाने हा चषक पटकावला आणि २०१२ व २०१३ मध्ये तो यजमान रुमानियाकडे गेला. २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे उरुग्वे अजिंक्य ठरला. २०१९ च्या सप्टेंबरात त्याच उरुग्वेने जपानमधील कामाइशी येथे विश्वचषकात फिजीला ३० विरुद्ध २७ असे हरवले. पोर्तुगालनेही २०२३ मध्ये फिजीला एका गुणाने हरवून विश्वचषकातला आपला पहिला विजय नोंदवला.

तथापि हे चित्र सर्वस्वी आशादायक नाही. २०१० चा विजेता नामिबिया सात विश्वचषक खेळूनही त्यात एकदेखील सामना जिंकू शकलेला नाही. वर्षाकाठी एका पंधरवड्याची स्पर्धा उरलेल्या साडेअकरा महिन्यांची उणीव भरून काढू शकत नाही. शिवाय जिंकणाऱ्याला वरचे दार उघडत नव्हते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक संघटनेने २०२६ पासून बारा-बारा संघांच्या दोन श्रेणींची योजना घोषित केली. मात्र खालच्या श्रेणीतून वर जाण्याची सोय २०३० पासून ठेवली. तोवर खालच्याने कितीही पराक्रम गाजवला, तरी त्याची जागा खालचीच.

दार बंद राहिले की काय होते, याचे उदाहरण मराठी माणसाला अधिक जवळचे आहे. मुंबईकर संदीप पाटील यांच्या मार्गदर्शनाखाली केनियाचा क्रिकेट संघ २००३ मध्ये विश्वचषकाच्या उपान्त्य फेरीत पोहोचला. न्यूझीलंडने नैरोबीला येण्यास नकार दिल्याने त्यांना आयते गुण मिळाले, हे खरे. पण श्रीलंका, बांगलादेश व झिंबाब्वे यांना त्यांनी मैदानातच हरवले होते. त्यानंतर बलवान देशांनी त्यांच्याशी पुरेसे सामने खेळणे टाळले. घरच्या संघटनेतील कलहाने उरलेसुरले बळ खचवले आणि २०१४ मध्ये एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला. गुण होता, परंतु त्याला सराव घडवणारी व्यवस्था नव्हती.

अशी व्यवस्था कशी असावी, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईत १९४८ पासून भर पावसात, निसरड्या मैदानांवर कांगा लीग खेळली जाते. तिच्यात अनेक श्रेणी आहेत. जिंकणारा वर चढतो, हरणारा खाली येतो. कचेऱ्यांच्या संघांसाठी १९३० पासून चालत आलेल्या टाइम्स शील्डचीही घडण तशीच. बँकेतला कारकून सकाळी मोठ्या खेळाडूला गोलंदाजी करी आणि दुसऱ्या दिवशी खातेवह्या तपासायला बसे. मुंबईच्या क्रिकेटचे सामर्थ्य वरच्या अकरा जणांत जितके होते, तितकेच त्यांना दर आठवड्याला झुंजायला लावणाऱ्या या अनाम शेकड्यांत होते. या शिडीच्या वरच्या व खालच्या पायऱ्यांमधली वाट दोन्ही बाजूंनी खुली होती, हे तिचे खरे वैशिष्ट्य.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे या शिडीच्या तळाशी उभी आहेत. येथील खेळाडूसाठी निवड मुंबईची, मैदान मुंबईचे आणि प्रवासही मुंबईचाच. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आश्वी खुर्द येथे जन्मलेला रहाणे डोंबिवलीत स. वा. जोशी विद्यालयात शिकला. महागडे प्रशिक्षण परवडत नसल्यामुळे वयाच्या सातव्या वर्षी त्याने डोंबिवलीतल्याच एका लहानशा शिबिरात चटईच्या खेळपट्टीवर पहिले धडे घेतले. पुढे भारतीय कसोटी संघात निवड होऊनही सोळा महिने त्याला राखीव म्हणून बसावे लागले. २०१३ च्या मार्चमध्ये दिल्लीला त्याने पहिली कसोटी खेळली. वाट पाहण्याचे शिक्षण उपनगरी मुलाला निराळे द्यावे लागत नाही, ते लोकलच्या फलाटावर रोज मिळतेच. त्याला हवा असतो तो वाट पाहण्याच्या काळात खेळायला मिळणारा खरा सामना.

येथेच शहरांची कसोटी आहे. लाखो वस्तीच्या या पट्ट्यात ठाण्याचे दादोजी कोंडदेव क्रीडागृह, कल्याणचे सुभाष मैदान, डोंबिवलीचे सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल अशी मोकळी जागा बोटांवर मोजण्याइतकीच उरते. मैदान म्हटले की सभा, प्रदर्शन, मेळावा यांचीच आठवण आधी होते. एखादा खेळाडू चमकला की त्याच्या सत्काराला व्यासपीठ उभे राहते. परंतु जी मुले अद्याप चमकलेली नाहीत, त्यांना पावसाळ्यासह वर्षभर पुरतील असे सामने मिळतात काय, हा प्रश्न सत्कार समारंभात कोणी विचारत नाही. शाळांनी खेळाचे तास वेळापत्रकातच न ठेवता मैदानावर नेले, शहराशहरांत श्रेणीबद्ध स्पर्धा नेमाने भरल्या आणि त्यांतील विजेत्याला वरच्या स्पर्धेत हक्काने प्रवेश मिळाला, तर खर्चापेक्षा लाभ मोठा ठरेल.

मुख्य संघ कोणत्याही देशाला कसाबसा उभा करता येतो. मुख्य संघातले निम्मे खेळाडू जायबंदी होऊनही जो देश उभा राहतो, त्याच्या क्रीडासंस्कृतीला खोली आहे असे मानावे. ती खोली कोणाच्याही लक्षात न येणाऱ्या सामन्यांत, रिकाम्या बाकांसमोर आणि चटईच्या खेळपट्टीवर तयार होत असते.