राणीचा बिल्ला, आजीची ट्रंक

रविवारची सकाळ म्हणजे आमच्या ग्रुपसाठी बारा वाजेपर्यंत ताणून द्यायची हक्काची वेळ. मी मात्र साडेसातला बाइक काढून पुण्याच्या जुन्या बाजारात हजर! गंजलेले पाने, बंद पडलेले मोबाइल, कुणाच्या तरी लग्नातली समई, आणि या पसाऱ्यात कुठल्याशा फुटक्या बशीत पडलेली माझी गंमत. बिल्ले आणि पदकं. शौर्याची नव्हेत हं. कुणाचा राज्याभिषेक, कुणाची ज्युबिली, कुठला तरी दरबार, अशा सार्वजनिक सोहळ्यांची आठवण म्हणून काढलेली.

ऑफिसात कुणी ‘हे काय नवीन खूळ?’ असं विचारलं की मी सरळ सातव्या एडवर्डची गोष्ट सांगतो. त्याचा राज्याभिषेक ठरला होता २६ जून १९०२ ला. दोन दिवस आधी साहेबांचं अपेंडिक्स उपटलं! ऑपरेशन झालं, समारंभ ९ ऑगस्टवर गेला. पण तोवर बिल्ले, मग, थाळ्या सगळं तयार. ते कोण फेकून देणार? त्यामुळे न झालेल्या समारंभाची तारीख मिरवणाऱ्या वस्तू आजही सापडतात. आठव्या एडवर्डची त्याहून मजा. त्याच्यासाठी १२ मे १९३७ ही तारीख पक्की होती, पण पठ्ठ्याने डिसेंबर १९३६ मध्ये प्रेमापायी गादीच सोडली. तारीख काही वाया गेली नाही. त्याच दिवशी धाकट्या भावाच्या, सहाव्या जॉर्जच्या डोक्यावर मुकुट चढला. एडवर्डच्या नावाचा माल मात्र आधीच ढिगाने निघाला होता. तेव्हा ‘साहेब, या राजाचा राज्याभिषेक झालाच नाही, एकदम रेअर पीस’ असं कुणी पटवायला लागलं तर गालातल्या गालात हसा आणि पुढच्या गाड्यावर जा.

तर दोन वर्षांपूर्वी अशाच एका बशीत मला व्हिक्टोरिया राणी भेटली. आजच्या दहाच्या नाण्यापेक्षा किंचित लहान, चांदीची. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी म्हातारी राणी, दुसऱ्या बाजूला १८३७ सालची तरणीताठी. काठावर लॅटिन मजकूर आणि रोमन आकड्यांत तारीख, २० जून १८९७. राज्याला साठ वर्षं पुरी झाली, त्या डायमंड ज्युबिलीचं हे पदक. लंडनच्या रॉयल मिंटने ते सोन्यात, चांदीत, ब्राँझमध्ये काढून लोकांना विकलं होतं. चांदीची छोटी पदकं पुष्कळ खपली, त्यामुळे ती दुर्मीळ वगैरे नाहीत. माझ्या पदकाला तर कुणीतरी वर कडी झाळलेली, म्हणजे कलेक्टरच्या लेखी डागी माल. मला मात्र ती कडीच आवडली. कुणीतरी हे गळ्यात नाहीतर कोटावर मिरवलं असणार ना! विक्रेत्याने अडीच हजार सांगितले, अठराशेला तुटलं.

घरी येऊन टेचात आजीपुढे ठेवलं. आजी नव्वदीची, पण डोकं एकदम शार्प.

“कसलं रे हे?”

“व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीचं. जून १८९७.”

“सत्त्याण्णवचा जून? अरे, त्याच ज्युबिलीच्या रात्री चापेकरांनी रँडला गोळी घातली. आणि तू पैसे मोजून हे घरात आणलंस? उचल इथून.”

झालं! शाळेत हा धडा मीही पाठ केला होता. प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घराघरांत घुसलेले, पुणं आतून धुमसत होतं, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये राणीच्या साठ वर्षांचा थाटमाट. तिथून परतणारा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८९८ मध्ये फाशी झाली, बाळकृष्ण आणि वासुदेवला १८९९ मध्ये. एका घरातले तीन भाऊ. ते गव्हर्नमेंट हाऊस म्हणजे आजची विद्यापीठाची मुख्य इमारत. मी रोज तिच्या गेटसमोरच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास शिव्या घालत उभा असतो. तरी बाजारात तारीख वाचताना डोक्यात काही म्हणजे काही वाजलं नव्हतं.

बिल्ला आठवडाभर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. विकून टाकावा असंही वाटलं. मग एका संध्याकाळी आजीनेच तिची पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. “मेडलच बघायचंय ना? हे बघ.”

आजोबा फौजेत होते. १५ ऑगस्ट १९४७ ची आठवण म्हणून जवानांना दिलेलं पदक त्यांनाही मिळालेलं. केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची फीत, कडेवर आजोबांचं नाव, एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह. मी उलटं केलं. अशोकचक्र होतं. त्याच्यावर मुकुट. आणि भोवती लॅटिनमध्ये चक्क सहाव्या जॉर्जचं नाव!

“काय लिहिलंय रे?” आजीने विचारलं. इतकी वर्षं तिला कुणी वाचून दाखवलंच नव्हतं.

क्षणभर वाटलं, थाप मारावी. पण सांगितलं. २६ जानेवारी १९५० ला प्रजासत्ताक होईपर्यंत भारत डोमिनियन होता आणि कागदोपत्री राजा जॉर्जच होता, त्यामुळे स्वातंत्र्याच्या पदकावरही त्याचंच नाव, हेही समजावलं. आजी बराच वेळ पदक उजेडात धरून बसली.

“ह्यांना ठाऊक असणार,” ती म्हणाली. “म्हणूनच कधी भिंतीवर लावू दिलं नाही.” खरं-खोटं आता कोण सांगणार?

मग म्हणाली, “तुझी ती बया आण. ट्रंकेत तळाशी ठेव. पण ह्यांच्या डबीत नको, वेगळी डबी बघ.” आणि आजोबांचं पदक घेऊन चिंचेने लख्ख करायला स्वयंपाकघराकडे निघाली. मी धावत जाऊन तिच्या हातातून ते काढून घेतलं. जुनं पदक कधी घासायचं नसतं, बारीक नक्षी झिजते आणि किंमतही जाते, हे तिला अजून पटलेलं नाही.