दाबाखालीं रंग पालटणारा प्राणवायु

हिंगणघाटच्या कापसाचें नांव एकोणिसाव्या शतकांतच विलायतेच्या बाजारापर्यंत पोहोंचलें होतें. सरकी काढलेली रुई प्रेसमध्यें जबर दाबाखालीं बसते आणि भल्या मोठ्या ढिगाची आटोपशीर गांठ होते. परंतु गांठ सोडून पाहावी, तों रुई पूर्वींइतकीच पांढरी! दाबानें आकार बदलतो, रंग बदलत नाहीं, असाच मनुष्याचा नित्याचा अनुभव आहे. या अनुभवाला अपवाद असलेला एक पदार्थ मात्र प्रत्येक जण श्वासावाटे घेत असतो. तो म्हणजे प्राणवायु, अर्थात् ऑक्सिजन.

प्राणवायु लोहचुंबकाकडे ओढला जातो, हें पुष्कळांस नवलाचें वाटेल. हवेंत हें आकर्षण जाणवत नाहीं. पण शून्याखालीं 183 अंश सेंटिग्रेडपर्यंत थंड केला म्हणजे त्याचा फिकट निळा द्रव होतो, आणि तो बलवान् चुंबकाच्या ध्रुवांना चिकटून राहतो. 1891 सालीं लंडन येथें जेम्स ड्यूअर यांनीं हें प्रयोगानें दाखविलें.

याचें कारण असें कीं, प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबकच होय. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि जोडींतील दोघांचें चुंबकत्व परस्परांस मारून टाकतें. प्राणवायूच्या रेणूंत मात्र दोन इलेक्ट्रॉन विनजोड राहतात.

आतां हा वायु दाबला तर? दाभणाचें टोक जाड गोणपाटांतून सहज जातें, कारण हाताचा सर्व जोर त्या टोकावर एकवटतो. त्याच न्यायानें दोन हिऱ्यांचीं बारीक टोकें समोरासमोर ठेवून, मध्यें किंचित् प्राणवायु कोंडून स्क्रू आवळतात. हिरा पारदर्शक असल्यामुळें आंतील स्थिति सूक्ष्मदर्शकांतून दिसते. हवेच्या दाबाच्या सुमारें 54,000 पट दाबाला प्राणवायु नेहमींच्या तापमानांतच घन होतो. दाब एक लाख पटीच्या आसपास गेला कीं तो नारिंगी व मग गडद तांबडा होतो. 1979 सालीं हा तांबडा प्राणवायु प्रथम दृष्टीस पडला. 2005 सालीं न्यूट्रॉनांच्या साहाय्यानें केलेल्या प्रयोगांत आढळलें कीं, या अवस्थेंत त्याचें चुंबकत्वहि नाहींसें होतें. पुढल्याच वर्षीं क्ष-किरणांनीं उलगडा झाला: चार-चार रेणू एकमेकांस बिलगून त्यांचे गट बनले होते. विनजोड इलेक्ट्रॉनांना शेजारच्या रेणूंत जोडीदार मिळाले, म्हणून चुंबकत्व गेलें. आणि इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलल्यामुळें प्रकाशांतील निळा-हिरवा भाग शोषला जाऊं लागला, म्हणून तांबडा रंग आला. रंग व चुंबकत्व हे एकाच घटनेचे दोन साक्षीदार ठरले.

रुईचा रंग कां पालटत नाहीं, तेंहि यावरून समजतें. प्रेस तंतूंमधली हवा काढून टाकते. रेणूंच्या आंतील इलेक्ट्रॉनांना तिचा धक्काहि लागत नाहीं. रुग्णालयांतील नळकांड्यांत प्राणवायु सुमारें 150 पट दाबाखालीं भरलेला असतो. तेवढ्यानें त्याचा स्वभाव रतिमात्र बदलत नाहीं, हें रोग्याचें भाग्यच होय.

मुंबईंत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत, डॉ. राजगोपाल चिदंबरम् यांच्या काळापासून, उच्च दाबाखालीं पदार्थांची अंतर्रचना कशी पालटते याचा अभ्यास चालत आला आहे. वस्तूचे गुण तिच्या अंगीं कायमचे जडलेले नसतात. तिच्या अंतरंगांतील मांडणी टिकते तोंवरच ते टिकतात, हाच या अभ्यासाचा बोध होय.