पदपथाची रुंदी : एका संज्ञेचा विचार

नगररचनेच्या परिभाषेत 'रुंदी' हा शब्द वरवर निःसंदिग्ध भासतो; परंतु पदपथाच्या संदर्भात तो दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. नकाशावर भिंतीपासून कडेच्या दगडापर्यंतचे अंतर म्हणजे एकूण रुंदी. पादचाऱ्याच्या वाट्याला मात्र दिव्याचे खांब, वृक्ष, विजेच्या पेट्या व दुकानांच्या पायऱ्या वजा जाता उरते तेवढीच जागा येते. तिला 'निर्वेध रुंदी' म्हणणे योग्य होईल.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी-सुविधांविषयक संहितेच्या 2012 च्या आवृत्तीत हा भेद स्पष्ट आहे. तीत पदपथाचे तीन पट्टे कल्पिले आहेत : इमारतीलगतचा, चालण्याचा आणि खांब, वृक्ष, बाके इत्यादींचा. पैकी चालण्याचा पट्टा किमान 1.8 मीटर रुंद व 2.2 मीटर उंचीपर्यंत मोकळा असावा, असा दंडक आहे. चाकांच्या दोन खुर्च्या परस्परांना ओलांडू शकतील, हा त्या रुंदीमागील हेतू होय. समजा, एखादा पदपथ 3 मीटर रुंद आहे. इमारतीलगत अर्धा मीटर व वृक्षांच्या पट्ट्यास 1 मीटर गेल्यास चालावयास दीडच मीटर उरतो. अर्थात नकाशावर प्रशस्त दिसणारा हा पदपथ वस्तुतः अपुरा ठरतो.

यावरून वृक्ष व विक्रेते हटवावेत, असा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नव्हे. आपल्या हवामानात सावलीवाचून चालणे सुखावह होत नाही. विक्रेत्यांच्या उपजीविकेसही 2014 च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांनी 1971 च्या आपल्या ग्रंथात अपरिहार्य व ऐच्छिक व्यवहारांत भेद केला. कामावर जाणारा मनुष्य वाईट रस्त्यानेही जातोच. थांबणे, बसणे, रेंगाळणे मात्र जागा अनुकूल असेल तरच घडते. म्हणून या गोष्टींना त्यांचा स्वतंत्र पट्टा हवा. चालण्याच्या पट्ट्यातून तो कापून घेता कामा नये.

शिवाय, सरासरी रुंदी येथे निरुपयोगी आहे. शंभर पावले प्रशस्त असलेला पदपथ एका ठिकाणी खुंटला, की वृद्ध, अंध अथवा चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीस तेथेच वाहनांच्या मार्गात उतरावे लागते, आणि अपघाताचे भय नेमके तेथेच असते. सारांश, पदपथाची रुंदी म्हणजे त्याच्या सर्वांत अरुंद स्थानाची निर्वेध रुंदी, अशीच व्याख्या स्वीकारावयास हवी.